ड्रॉपरचं रबर आणि मामांचा बेंजो

बेंजो पार्टीत सगळ्यांना बेंजो ऐकू यायचा, वाजवणारा सोडून. कर्णे पुढं तोंड करून बांधलेले, त्यांच्या मागं ॲम्प्लिफायर, शेजारी फडफडणारा जनरेटर, आणि या सगळ्याच्या मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मांडीवर बटणांचा बेंजो घेऊन बसलेले माझे मामा. त्यांना ऐकू यायचा तो जनरेटर. ट्रॉलीच्या पुढं चालणारा ताशा त्यातनंही घुसायचा. स्वतःचं वाजवणं मात्र ते बोटांच्या भरवशावर वाजवायचे.

नव्वदनंतरची ती वर्षं. कराडच्या अलीकडं आमचं गाव, आणि लग्नसराईत आमची पार्टी पार पाटणपर्यंत जायची. मी ॲम्प्लिफायर सांभाळायचो. पार्टी मामांनी उभी केलेली, बेंजो त्यांचा, गादीही त्यांची. पण एकदोन वर्षांत त्यांच्या बोटांची पेरं सुजायला लागली होती, आणि लोक नाचता नाचता थांबून वर बघायला लागले होते. आमचा ताशेवाला मामांच्याच वयाचा, तोंडानं फटकळ. त्यानं एक दिवस चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर विषय काढला.

"सांगलीत एक पोरगं हाय. कॅसिओ वाजवतंय. आणूया का?"

"आण की," मामा म्हणाले. "त्येला ताशाबी वाजवाय येत असंल, तर तुलाबी घरी बसवू."

हसणं झालं, पण ठरलं ते ठरलंच. कराडातल्या एका व्यापाऱ्याच्या घरचं मोठं लग्न पुढं होतं. तिथं बेंजो नीट वाजला तर मामा राहणार. नाहीतर कॅसिओ.

मी मामांना म्हटलं, "तुमचं चुकत न्हाई मामा, तुमाला ऐकू येत न्हाई. मी कानात घालायचं बघतो." हे मी म्हटलं तेव्हा ते मला खरं वाटत होतं. निदान अर्धं तरी.

सुटे भाग आणायला मी सांगलीला जायचोच. तिथं स्टँडजवळ फुटपाथवर एकजण चादर अंथरून रेडिओचं सामान विकायचा. त्याच्याकडनं इअरफोनचे स्वस्तातले सगळे प्रकार उचलले. एक वॉकमनचा, चपट्या बोंडाचा, त्यावर काळा स्पंज. दुसरा तसलाच, पण बोंड इतकं मोठं की कानात बसवायला कान दुसरा लागेल. आणि ट्रान्झिस्टरला लावायचे जुन्या पद्धतीचे दोन, एकाच कानाचे, पुढं बारीक नळी असलेले. "हे आता कोण घेत न्हाई," तो म्हणाला आणि वर आणखी एक फुकट दिला. त्या नळीवाल्या दोघांच्या वायरी जोडून मी दोन्ही कानांचा एक केला.

पारख करायची तर मिरवणुकीएवढा गोंगाट हवा. तो आमच्या गावात एकाच ठिकाणी होता, पिठाच्या गिरणीत. एका लग्नातलं मामांचं वाजवणं मी ॲम्प्लिफायरला टेप जोडून भरून घेतलं होतं. ती कॅसेट वॉकमनमध्ये घालून मी गिरणीच्या पट्ट्याशेजारी जाऊन बसलो. दळण घेऊन आलेल्या बायका बघतायत, मी एक काढतोय, दुसरा घालतोय.

मोठ्या बोंडाचा जरा मान हलवली की पडायचा. स्पंजवाला बसायचा मऊ, पण गिरणी जशीच्या तशी आत यायची आणि बेंजोची नुसती वरची किणकिण उरायची, खर्ज गायब. तरी ऐकायला गोड. नळीवाल्याला आवाज होता, पण नळी उघडीच, कानात रुतायची आणि बाजूनं फट राहायची. तिच्यावर मी सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी चढवली. फट थोडी कमी झाली, कान मात्र लाल. मग कापूस गुंडाळून पाहिला. सगळं गोधडीतनं आल्यासारखं.

"कान दुखतोय का रं?" गिरणीवाल्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग औषध घाल की. घरात ड्रॉपर असंल."

त्याला चेष्टा करायची होती, पण माझं डोकं तिथंच अडकलं. घरी जाऊन कानाच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या शोधल्या, ड्रॉपरचे रबरी फुगे काढले, टोकाला भोक पाडलं, मागची बाजू कापून ते नळीवर टोपीसारखे बसवले. पुन्हा गिरणी. फुगे कानात दाबले आणि गिरणी बंद पडली. म्हणजे पट्टा फिरत होता, पीठ पडत होतं, बाई तोंड हलवून काहीतरी म्हणत होती, पण माझ्या कानात फक्त बेंजो. खर्जाची तार पोटात वाजत होती. आवाज निम्म्यावर आणला तरी पुरे. इतके दिवस आपण आवाज वाढवत होतो तो फट भरून काढायला, हे मला तेव्हा कळलं.

आणि दुसरंही कळलं. खर्जाची तार उतरलेली होती. मामांचं सुजलेलं बोट एका बटणावर पडताना शेजारचं बटणही दाबत होतं. दर दोनचार सुरांमागं एक. तीच कॅसेट स्पंजातनं ऐकली. गोड. रबरातनं ऐकली. चुकलेली.

आता बोलायचं तर पुरतं बोलतो. त्या वेळी मी रोज दुपारी मामांच्या माघारी त्यांचा बेंजो काढून हात बसवत होतो. मामींना वाटायचं, पोरगं धूळ पुसतंय. मला ती गादी हवी होती, आणि सांगलीच्या पोरानं ती नेलेली मला नको होती.

लग्नाच्या दिवशी माझ्या एका खिशात स्पंजवाला होता, एका खिशात रबरवाला. स्पंजवाला दिला असता तर मामा खुशीत वाजवत राहिले असते. मी रबरवाला ॲम्प्लिफायरला जोडून दिला. मामांना सांगितलं, "ह्यातनं लय झ्याक ऐकू येतंय." यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते इतकी वर्षं टोचत राहिलं.

नवरदेव देवळातनं निघाला. नवरदेव मांडवात पोचेपर्यंत वाद्य थांबवायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. मामांनी फुगे कानात बसवले, मान डोलावली, सुरुवात केली. पहिली ओळ झाली तसा त्यांचा चेहरा बदलला. शिव्या ऐकल्यावर होतो तसा नाही. आपलंच लहानपणीचं नाव कुणी हाकारल्यावर माणूस वळून बघतो तसा. त्यांनी एका हातानं खर्जाची तार चढवली, पुन्हा वाजवलं, बोट उचलून त्याच्याकडं बघितलं. गाणं पुरं केलं. मग फुगे काढले, सदऱ्याच्या टोकाला पुसले आणि माझ्या कानात घातले.

"बस," म्हणाले. ते मला ओठांवरनं कळलं.

बेंजो माझ्या मांडीवर सरकवून ते चालत्या ट्रॉलीतनं खाली उतरले. मी वाजवायला लागलो. काय सांगू, इतकं स्वच्छ मी स्वतःला कधीच ऐकलं नव्हतं. प्रत्येक तार माझी. मी खुशीत सुटलो, आणि समोर लोक नाचायचे थांबून माझ्याकडं बघायला लागले. ताशेवाला लाल होऊन ओरडत होता. मला ताशाच ऐकू येत नव्हता. मी त्याला मागं टाकून एकटाच मांडवाकडं निघालो होतो.

मग मामा दिसले. ट्रॉलीपुढं, माझ्याकडं तोंड करून उलटे चालत होते. एक तळवा हळूहळू खाली दाबत होते, बैलांना सबूर म्हणतात तसा. मी हळू आलो. त्यांनी बोटानं स्वतःचा डावा कान दाखवला आणि काहीतरी उपटल्याची खूण केली. मी डाव्या कानातला फुगा काढला. ताशा धाडकन आत आला.

मामा जवळ येऊन ओरडले, "एक आमच्याकडं ऱ्हाऊ दे."

तिथून मांडवापर्यंत आम्ही नीट गेलो. कॅसिओचा विषय निघाला नाही. संध्याकाळी ताशेवाला जेवणाच्या पंगतीत म्हणाला, "भाच्या, तू पळतोस. पण पळणाऱ्याला धरता येतं." आणि मामांना, "तुला रं आता काय काम?"

"तुमा दोघांना वळायचं," मामा म्हणाले.

पुढच्या सगळ्या लग्नसराया ते तसेच पुढं उलटे चालले. माझा सूर उतरला की अंगठा वर, घाई झाली की तळवा खाली. लोकांना वाटायचं, म्हातारा नाचतोय. दोनतीनदा तर त्यांच्यावर पैसेही ओवाळले. ते घेऊन टाकायचे.

दशक सरत आलं तेव्हा एका दुपारी ओसरीवर मी त्यांना सांगितलं की त्या दिवशी माझ्या दोन खिशांत दोन इअरफोन होते. बेंजो काढून हात बसवायचो ते सांगायची हिंमत झाली नाही. तेवढंच राहिलं होतं, ते आज इथं लिहिलं. मामांनी सुपारी कातरणं थांबवलं नाही.

"म्हंजे स्पंजाचा होता खिशात."

"व्हय."

"त्यात कसं वाजत हुतं माझं?"

"गोड."

"हाय का अजून?"

होता. कॅसेटही होती. मी आतनं दोन्ही घेऊन आलो, स्पंज फुंकून साफ केला आणि त्यांच्या कानात बसवून बटण दाबलं. मामांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचा पाय हलायला लागला, मग सुजलेली बोटं गुडघ्यावर बटणं दाबायला लागली, दोनदोन एकदम. मी आवाज कमी करायला हात पुढं केला तर त्यांनी तो झटकला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "लय ब्येस वाजवतोय गडी."