थानकोटच्या नाक्यावर दोघं

आधीच सांगून टाकतो — भूतबाधा, झपाटणं, आत्मे वगैरेंवर माझा काडीइतका विश्वास नव्हता. कुणी तसलं काही सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचो. बायको म्हणायची, "तुम्हाला देवानं कान दिलेत ते फक्त रेडिओ ऐकायला." असो. हल्ली सोसायटीतलं कुणीही नेपाळला निघालं की आधी माझ्याकडे येतं. काका, तुम्ही त्या काळात जाऊन आलात, काही टिप्स द्या ना... मी देतो. व्हिसा लागत नाही, पण ओळख पटेल असं काहीतरी जवळ असू द्या. मोठ्या नोटा नेऊ नका. पशुपतिनाथाला कातडी पट्टा बाहेर काढून ठेवावा लागतो. आणि नाक्यावर किती माणसं विचारली तर नीट सांगा. एवढं बोलून मी गप्प बसतो. पुढचं आज पहिल्यांदाच लिहितोय.

साठचं दशक संपत आलं होतं. तारापूरला वीज प्रकल्पाचं बांधकाम जोरात होतं आणि मी तिथं ओव्हरसियर. आम्ही मूळचे मिरजेकडचे. बोईसर स्टेशनजवळ जनाकाकींच्या घरातली एक खोली भाड्यानं घेतली होती. मी सकाळी प्रकल्पाच्या ट्रकनं जायचो तो अंधार पडल्यावर परत. बायको सुशीला दिवसभर एकटी. मूलबाळ नाही, माहेरचं कुणी जवळ नाही, दारासमोर भाताची खाचरं. बोलायला म्हणून काय त्या जनाकाकी.

प्रकल्पावर परदेशी इंजिनिअर आले होते. त्यांच्या बायका कधीमधी बाजारात दिसायच्या. एकदा सुशीला म्हणाली, "त्या बाया कुठून कुठून येऊन आपल्या बोईसरात वांगी घेतायत. आपण कधी जायचं परदेशी?" पासपोर्ट वगैरे तेव्हा आमच्यासारख्यांचं काम नव्हतं. मी चेष्टेनं म्हटलं, "नेपाळला चल. पासपोर्ट नको, व्हिसा नको. तोही परदेशच की."

मी विसरून गेलो, ती नाही विसरली. तिकडे जाऊन आलेल्या एका बैराग्याला तिनं स्टेशनवर गाठलं आणि खोदून खोदून माहिती काढली. कॉलऱ्याची सुई आधी टोचून घ्यायची, पाटण्याला गंगा स्टीमरनं ओलांडायची, रक्सौलला उतरून टांग्यानं सरहद्द पार करायची... मला रोज जेवताना तोंडपाठ म्हणून दाखवायची. थंडीत जायचं ठरलं. पावसाळ्यात तिला कावीळ झाली आणि पोळ्याच्या आधी ती गेली.

थंडी पडली तसं मला त्या खोलीत बसवेना. रजा मंजूर होती. म्हटलं, तिचं राहिलेलं आपण करून यावं. त्यात बाकी काही नव्हतं.

निघायच्या सकाळी जनाकाकी मला वेशीवर घेऊन गेल्या. त्यांचं माहेर मासवणचं. त्यांच्याकडे अशी रीत की लांबच्या मुलखाला निघालेल्या माणसाची सुपारी गावदेवापुढं ठेवायची आणि त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. आपल्या हद्दीतून कोण बाहेर पडलं ते देवाला कळायला नको का? काकींनी एक सुपारी ठेवून माझं नाव घेतलं. मग कनवटीची दुसरी काढली आणि सुशीलाचं घेतलं.

माझं डोकंच फिरलं. "काकी, मी एकटा जातोय. हा काय खुळेपणा?"

"तिची जायाची तयारी झाली होती ना?" काकी म्हणाल्या. "मग तिला इथं ठेवून कसे जाल तुमी?"

"आधी ती सुपारी उचला."

"देवापुढची सुपारी मागं घेत नाय. गाडी चुकंल तुमची, जावा आता."

मी पाया न पडताच निघालो. गाडीत बसल्यावरही राग उतरला नव्हता.

रक्सौलला टांग्यात चढून बसलो तरी टांगेवाला हलेना. मी ओरडलो तर म्हणतो, "बहनजी को बैठने तो दीजिए, बाबूजी." मागं बघितलं, कुणी नव्हतं. तो मात्र थोडा वेळ थांबला, मान हलवली आणि घोडा हाकला. सकाळी सकाळीच घेतलेली दिसतेय, असं म्हणून मी सोडून दिलं.

वीरगंजला बस गच्च भरली. माझ्या शेजारची खिडकीची जागा तेवढी रिकामी. कोंबड्यांची पाटी घेतलेला एक म्हातारा बसायला आला, वाकला, हात जोडून मागं सरला आणि तो सगळा घाट उभ्यानं आला. मला वाटलं माझं तोंड बघून पळाला. तसा मी दिसायला तुसडाच.

काठमांडूच्या अलीकडे थानकोटचा नाका. एक शिपाई बसमध्ये चढला आणि एकेकाला विचारत माझ्यापर्यंत आला.

"कहाँ से?"

"बंबई."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. "दो जन," तो म्हणाला.

"एक. मैं अकेला हूँ."

तो हसला. नवराबायकोच्या भांडणात सापडलेला तिसरा माणूस हसतो ना, तसा. "रास्ते में झगड़ा नहीं करते," म्हणाला आणि पुढं गेला.

मी खिडकीकडे बघितलं. काच होती, काचेबाहेर धुकं होतं. घाबरायला हवं होतं खरं तर... पण मी घाबरलो नाही. मला रडू आलं.

पुढचे दिवस मी वेड्यासारखा वागलो म्हणा हवं तर. मला स्वतःला काहीच दिसलं नाही हं — सावली नाही, चाहूल नाही, काही नाही. तरी मी तिच्याशी बोलत होतो. पशुपतिनाथाच्या घाटावर माकडं दाखवली. बागमतीकाठी बसून प्रकल्पावरच्या गमती सांगितल्या. लोक वळून बघायचे, बघू देत. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी तिच्याशी एवढं बोललो नव्हतो. शेवटच्या दिवशी तिला म्हटलं, आता घरी चल. बोईसरला मी लवकर परत येत जाईन, संध्याकाळी चिंचणीच्या किनाऱ्यावर फिरायला जात जाऊ.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा तिच्यासाठी सोडून मी अलीकडे बसलो. थानकोटला तोच शिपाई चढला. माझ्याकडे बघून म्हणाला, "एक."

"दो," मी म्हणालो.

"दूसरा कौन?"

"जाताना तुम्हीच म्हणालात ना दोन म्हणून!" मी मराठीतच ओरडलो. "नीट बघा. बैठी है. देखिए ना..."

त्यानं खरंच बघितलं बिचाऱ्यानं. वाकून बघितलं, मागच्या सीटवर बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "बाबूजी, आप अकेले हैं."

मी उतरायला उठलो. मागं जाऊन तिला शोधायचं होतं. लोकांनी धरून खाली बसवलं, ड्रायव्हरनं गाडी सोडली. तेवढ्यात मागून एक धिप्पाड माणूस गाठोडं घेऊन आला आणि मला ओलांडून बिनधास्त खिडकीत बसला. वीरगंज येईपर्यंत तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता.

टांगेवाल्याला चढलेली असेल, शिपायाचा घोटाळा झाला असेल, दुःखानं माझं डोकं ठिकाणावर नसेल. सगळं मान्य. या प्रकाराचा उलगडा मला आजवर झालेला नाही आणि आता या वयात होईल असंही वाटत नाही. पण माझं अडतं ते तिथं नाही. सुशीलाला ते गाव आवडलं म्हणून ती तिथं राहिली... की माझ्याबरोबर त्या खोलीत परत यायचं नव्हतं म्हणून?