बंधाऱ्याखालचं पाणमांजर

रविवारची दुपार. पिठलं-भाकरी आणि वर तांब्याभर ताक झाल्यावर चौगुले सरांचे डोळे जड झालेत. वर्तमानपत्र छातीवर आडवं पडलंय. "मी जागाच आहे," असं ते स्वयंपाकघरातल्या सुलभाताईंना ओरडून सांगतात आणि सांगता सांगता घोरू लागतात.

"सर, चला की. ऊन उतरलं."

पायाशी दस्तगीर मुजावर उभा. तोच सायकलच्या दुकानातला खाकी शर्ट. अकरा वर्षं हे दोघं रोज वारणेच्या काठानं फिरले, पाखरं बघत आणि एकमेकांच्या चुका काढत. दस्तगीर जाऊन नऊ महिने झाले, हे सरांना झोपेतही पक्कं ठाऊक आहे. पण माणूस दारात आल्यावर हे तोंडावर बोलून दाखवणं बरं दिसतं का?

सर उठतात. सोप्यातून पाऊल बाहेर टाकतात ते थेट दस्तगीरच्या दुकानात. टांगलेल्या टायरांखालून वाकून जावं, तर पुढे नदी. पाणी तांबडं, काठोकाठ; करंजाच्या फांदीवर खंड्या भिजून बसलाय. सर चष्मा पुसून घालतात, तोवर पाणी निवळलेलं असतं आणि पलीकडच्या वाळूत चक्रवाकांची जोडी उतरलेली असते. दस्तगीर चालतो तिथं धुकं, सरांच्या पायाखाली मात्र वैशाखातली तापलेली रेती. टिटवी तेवढी सगळ्या ऋतूंत सारख्याच रागानं ओरडते.

"यंदा चक्रवाक कधी आलं?" दस्तगीर विचारतो.

"माहीत नाही. मी येत नाही आता इकडे."

"का वो?"

सर काय सांगणार! गेल्या डिसेंबरात दस्तगीरनं बंधाऱ्याखाली पाणमांजर पाहिलं. सर त्या दिवशी गुडघा धरून घरी होते. दस्तगीरनं चहाच्या गाड्यावर हरखून सांगितलं, तर तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाच्या तोऱ्यात सरांनी दहा जणांदेखत विचारलं, "पुरावा काय? मुंगूस पोहत असेल." सगळे खो खो हसले. पुढे दोन महिने दस्तगीर रोज म्हणायचा, "सर, एकदा या बघायला." सरांना कधी थंडी आडवी आली, कधी गुडघा. फेब्रुवारीत दस्तगीर झोपेतच गेला. तेव्हापासून सरांना नदीवर जायची लाज वाटते.

"आज तरी या," दस्तगीर म्हणतो.

बंधाऱ्यावर शाळेतली बाकं मांडलेली आहेत. दोघं एका बाकावर पाय सोडून बसतात. खाली खडकांमधून पाणी वळण घेत जातं.

"त्ये बघा! डोस्कं वर काढलंय."

"कुठे?"

"त्या काळ्या दगडाच्या अलीकडं. मासा धरलाय बघा हातात."

सर डोळे ताणतात. पाणी, दगड, पाण्यावर हलणारी एक रेघ. चष्मा घालून बघतात, काढून बघतात.

"दस्तगीर, मला नाही रे दिसत."

"गेलं आता." तो हसतो, पण त्याचा पडलेला चेहरा लपत नाही. "ऱ्हाऊ द्या. तुमचं पुराव्याबिगर भागायचं न्हाई."

सर चष्मा काढून खिशात ठेवतात. "चुलीत गेला पुरावा. तू म्हणतोस ना आहे, मग आहे. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी हेच म्हणायला हवं होतं. चुकलो मी, दस्तगीर."

दस्तगीर खालच्या पाण्यात एक खडा टाकतो.

"लई उशीर केलासा, सर," तो म्हणतो. मग सरांच्या पाठीवर हात ठेवतो. "पर आलासा."

तो उठून काठच्या गवतात शिरतो. गवत कमरेएवढं. सर हाका मारत त्याच्यामागून धावतात आणि गुडघा अजिबात दुखत नाही.

"अहो! चहा निवतोय."

सर उठून बसतात. साडेचार वाजलेत. कप ठेवता ठेवता सुलभाताईंची नजर त्यांच्या पायजम्यावर जाते. खालच्या काठाला कुसळं रुतलीत, चांगली दहा-बारा.

"आंघोळीनंतर धुतलेला घातला होतात ना हा? कुठं जाऊन आलात?"

"बंधाऱ्यावर. तिथं पाणमांजर आहे."

सुलभाताई एक कुसळ उपटून बोटांत धरतात. कुसळाकडे बघतात, मग नवऱ्याकडे.

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही," सर म्हणतात. "दस्तगीरनं पाहिलंय."