शालनकाकीच्या खोल्या

आमची चुलती शालनबाई म्हणजे काही गोड बाई नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. चाकणच्या पुढं आमचं गाव. जमिनी कंपन्यांत गेल्या, भिमाजीकाका वारले, आणि उरलेल्या तुकड्यावर काकीनं पत्र्याच्या खोल्या काढल्या. त्यात मराठवाड्यातली, कोकणातली, कंपनीत शिफ्ट करणारी बायकापोरांची माणसं राहतात. कुणी लाइट जळती ठेवून कामाला गेला की काकी संध्याकाळी गेटवर उभी राहून त्याचा उद्धार करणार. आणि त्याचीच बायको अडली की रिक्षात घालून पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेणारीही काकीच, वर रिक्षावाल्याशी भांडणार ते वेगळंच.

आता गावचं राजकारण. पूर्वी भावकीतला थोरला बोट दाखवील तिकडं सगळी भावकी. सोपं काम होतं. आता गावात आमच्यापेक्षा भाडेकरू जास्त, आणि त्यांची मतंही इथंच. मग नवी रीत पडली. खोल्या ज्याच्या, मतं त्याची. मतदानाच्या आदल्या दिवशी घरमालकानं आपले भाडेकरू खंडोबाच्या देवळात आणायचे, त्यांच्या हातावर भंडारा ठेवायचा आणि अमक्यालाच मत देईन अशी शपथ घ्यायला लावायची. भंडारा उचलला की माणूस फुटत नाही, हा आमचा भरवसा. त्यामुळं इथं कोण कुणाला मत देणार असं विचारायची पद्धतच नाही राव. खोल्या कुणाच्या, एवढंच विचारतात.

यंदा ग्रामपंचायतीला आमच्या वॉर्डातून काकीचा एकुलता एक पिंटू उभा राहिला. त्याचं आजवर कशातच बस्तान बसलेलं नव्हतं. हॉटेल काढलं ते बुडालं, डंपर घेतला तो विकावा लागला. ह्या वेळी पडलो तर गावात तोंड दाखवायला जागा नाही, असं तो मला स्वतः म्हणाला होता. आणि समोर उभा कोण, तर ज्योतीराम. धाराशिवकडचा, पाण्यासाठी भाडेकरूंच्या बाजूनं पंचायतीत भांडणारा, आणि राहायला काकीच्याच खोलीत! भावकी खवळली. आधी त्याला बाहेर काढ म्हणून सगळे काकीच्या मागं लागले. काकी म्हणाली, भाडं वेळेवर देतो, दारात घाण करत नाही, कशापायी काढू? मी कपाळावर हात मारून घेतला. पण म्हटलं, जाऊ दे, एक ज्योतीराम गेला तरी बाकीच्या खोल्या कुठं जातात. त्यांना भंडारा काकीच देणार आहे.

मतदानाच्या आदल्या दुपारी भाडेकरू देवळात जमले. ज्योतीराम अर्थातच नव्हता. बाकीच्यांच्या माना खाली, काहीजण शिफ्ट बुडवून आलेले. आमच्या भावकीतले थोरले रंगराव, त्यांनी भंडाऱ्याचं ताट काकीच्या हातात दिलं. पिंटू बाजूला हात जोडून उभा होता. सगळ्यांत पुढं लेकरू कडेवर घेतलेली एक बाई होती. तिनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मान खाली घालून हात पुढं केला. काकी त्या हाताकडं बघतच राहिली.

मग रंगरावांकडं वळून म्हणाली, "ह्यांना म्या खोली दिलीया. दावणीला न्हाई बांधलं."

शपथबिपथ काही न घालता तिनं एकेकाच्या कपाळाला भंडारा लावला, सणावाराला लावतात तसा, आणि कामाला जा म्हणाली. रंगराव ओरडायला लागले. हिनं पोराचं वाटोळं केलं म्हणून भावकीतल्या बाया तिच्या तोंडावर बोलल्या. पिंटूचा चेहरा पार उतरला होता. काकीनं तो बघितला, देवाच्यान बघितला, तरी हात थांबवला नाही. मला तिचा असा संताप आला होता की विचारू नका. आणि त्याच वेळी अंगावर सरसरून काटाही आला. एवढ्या भावकीसमोर एकटी बाई, आणि पणाला लावलेला तिचाच पोटचा पोर. ही छाती कुठून आणली असेल हो हिनं?

पिंटू पडला. थोडक्यात पडला, ते जास्त झोंबलं. मतमोजणीहून मी त्याला घरी आणलं, तर काकीनं पिठलं करून ठेवलेलं आणि ती चुलीपुढं भाकरी थापत बसलेली. खोल्यांच्या बाजूनं ढोल ऐकू येत होते. पिंटू ताटावर बसला, पण घास काही उचलेना. मग त्यानं मान वर न करता विचारलं, "आई, खरं सांग. तू मत कुणाला दिलंस?"

काकीचा हात परातीत थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"तुलाच दिलं रं. दुसऱ्या कुणाला दिईन व्हय? पण माझं येकच व्हतं."

आमच्या सबंध भावकीत हे वाक्य बोलेल असं दुसरं माणूस मला आठवेना. काकीनं पदरानं डोळे पुसले आणि तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात टाकली. पिंटूनं ती मोडली, आणि रडत रडत खाल्ली.