ताई, पुसून पण मिळेल का?

दुकानात किस्से साठतात ते धुळीसारखे. आमच्या सुरतेच्या नवागामातली धूळही साधी नाही, लूमची, म्हणजे यंत्रमागांची. तंतू तंतू उडत येते आणि थेट कार्ड रीडरच्या खाचेत जाऊन बसते. सकाळी फुंकर मारा, दुपारी परत हजर! किस्स्यांचंही तेच. एक मैत्रिणींना सांगून होत नाही, तोवर काउंटरवर दुसरा येऊन उभा.

पण आधी मला काय वाटलं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मी शिकले फार लांब, युरोपातल्या एका थंड गावात. विषय असा की पप्पांना नातेवाइकांना सांगताना दर वेळी घाम फुटायचा: डिजिटल गोष्टी वर्षानुवर्षं जपून कशा ठेवायच्या. मी मात्र त्या विषयानं पेटले होते. खान्देशातून सुरतेला आलेल्या आपल्या माणसांबद्दल कोणी काही लिहून ठेवत नाही, तर त्यांचा इतिहास असणार कुठे? त्यांच्या मेमरी कार्डांत! लग्नं, बारशी, कानबाई देवीचा सण, नव्या घराची वास्तुशांत. तो वाचवायचा, या एका विचारानं मी परत आले. विमानात चक्क रडले.

पप्पांचं दुकान होतंच. मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, फ्लॅश. त्यातल्या कोपऱ्यातलं टेबल मी मागून घेतलं, त्यावर कॉम्प्युटर मांडला आणि स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: "तुमच्या आठवणी कायमच्या जपा. मोफत!" मला वाटलं होतं, लोक हातात कार्डं घेऊन रस्त्यापर्यंत रांग लावतील.

पहिला माणूस आला. त्यानं पाटी दोनदा वाचली. मग वाकून हळूच विचारलं, "ताई, पुसून पण मिळेल का?"

पप्पा त्या दिवशी पोट धरून हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "हे बघ बेटा, श्रावणात कानबाई बसेल तोवर टेबल तुझं. तोवर एक तरी माणूस फोटो जपायला आला, तर कायमचं तुझं. नाही आला, तर तिथं मोबाइल कव्हरचं स्टँड येईल आणि तू मुकाट्यानं बँकेच्या परीक्षेला बसशील."

"एक? पप्पा, शंभर येतील!"

"एक आण," पप्पा म्हणाले.

*

तो पहिला माणूस म्हणजे जितू. डिंडोलीत राहतो, साड्यांना लेस लावायच्या कारखान्यात सुपरवायझर. साखरपुडा झाला होता, मोडला. कार्डात त्याच दिवसाचे फोटो.

"सगळे पुसू?" मी जड आवाजात विचारलं. माझ्या पहिल्याच गिऱ्हाइकाचं हृदय तुटलेलं!

"सगळे कशाला? फक्त तिला काढा. मला राहू द्या."

"तुम्ही एकटे?"

"सूट नवा होता, ताई. बायोडाटाला लागेल."

मी एकेक फोटो कापत बसले. पण साखरपुड्याचा फोटोग्राफर हौशी. प्रत्येक फोटोत तिचा हात याच्या खांद्यावर, कोपरापर्यंत मेंदी! पोरगी कापली तरी हात राहतोच.

जितू स्क्रीनजवळ वाकला. "राहू द्या. बहिणीचा म्हणू."

त्याच फोटोवर पुढे त्याचं लग्न जमलं. पत्रिका द्यायला आला तेव्हा मी विचारलं, "हाताबद्दल कोणी काही बोललं नाही?"

"बोलले ना! सासू म्हणाली, मुलाला बहीण आहे, माणसात राहिलेला दिसतो."

*

कार्ड विकायची पप्पांची एक पद्धत आहे. ती कुठल्याच विद्यापीठात शिकवत नाहीत.

गिऱ्हाईक विचारतं, "किती जीबीचं घेऊ?" पप्पा विचारतात, "घरात माणसं किती?" पाच म्हटलं की बत्तीस. एकत्र कुटुंब असलं की एकशे अठ्ठावीस. कणीक भिजवायला घेतात तसं!

मला हे सहन होईना. मी पुढे होऊन लोकांना स्पीड क्लास समजावू लागले. वाचायचा वेग वेगळा, लिहायचा वेग वेगळा, कॅमेऱ्याला कुठलं चालतं, मोबाइलला कुठलं, बनावट कार्ड कसं ओळखायचं. एक मास्तर सगळं शांतपणे ऐकून घेत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "फार छान सांगितलंस बेटा. आता पप्पांना बोलाव, मला कार्ड घ्यायचंय."

एकदा मी पप्पांना कोंडीत पकडलं. "आणि एकटा राहणारा माणूस आला तर? त्याला दोन जीबीचं देणार?"

"छे! त्याला सगळ्यात मोठं," पप्पा म्हणाले. "एकट्या माणसाला वेळच वेळ असतो."

*

आमच्या शेजारी हसमुखकाकांचं साड्यांचं दुकान. ऑनलाइन विकायचं म्हणून त्यांनी आमच्याकडून फ्लॅश घेतला. आठवड्याभरात तोंड पाडून आले. फोटोत साडी डाळिंबी दिसते, घरी पोचते तेव्हा विटकरी. गिऱ्हाइकं साड्या परत पाठवताहेत.

मी लगेच उत्साहानं पांढऱ्या प्रकाशाचा हिशोब समजावला. फ्लॅश भिंतीकडे वळवा, पुढे पांढरा कागद लावा, कॅमेऱ्यात एवढं सेटिंग बदला, रंग खरा येईल. कागदावर चित्रही काढून दिलं. काकांनी मान डोलावली, चित्र खिशात घातलं.

महिन्यानं भेटले ते खुशीत. "बेन, प्रॉब्लेम खतम! हवे एक पण साडी पाछी नथी आवती!"

"फ्लॅश वळवलात ना?"

"फ्लॅशला शुं काम हात लावायचा?" काका म्हणाले. "मिलवाळ्याला फोटो दाखवला. म्हटलं, आ कलर. आखो माल फरी रंगावी नाख्यो!"

फोटोसारखी साडी रंगवून घेतली! सुरतेत फोटो बदलणं कठीण, साडीचा रंग बदलणं घरचं काम.

*

प्रदीपभाऊ आमच्या भागातले लग्नांचे मोठे फोटोग्राफर. त्यांच्यामागे लागून लागून मी त्यांना दोन कार्डं बसणारा कॅमेरा घ्यायला लावला. कारण साधं. एका वेळी दोन्ही कार्डांत फोटो उतरतो. एक बिघडलं तरी दुसरं शाबूत. हा माझा धर्म होता: कुठलीही आठवण एकाच जागी ठेवायची नाही!

प्रदीपभाऊंना कॅमेरा फार आवडला. "ताई, काय सोय केलीय कंपनीनं! एक कार्ड वराकडचं, एक वधूकडचं!"

मला वाटलं, दोघांना एकेक प्रत देतात. छान.

पहिल्या लग्नानंतर दोन्हीकडची माणसं दुकानात भांडत आली. वराकडच्या कार्डात वरात, जेवणं आणि नाच. वधूकडच्या कार्डात हळद आणि पाठवणी. जसा ज्याच्याकडचा कार्यक्रम, तसं भाऊ बटण फिरवून कार्ड बदलत होते!

"आमच्या कार्डात नुसतं रडणं आहे हो," मुलीचे वडील म्हणाले. "आम्ही जेवलो की नाही, तेही कळत नाही!"

मी प्रदीपभाऊंकडे पाहिलं. भाऊ शांत. "ताई, जेवण कोणाकडं होतं? मुलाकडं. मग ते मुलीच्या कार्डात कसं टाकू? उद्या कोणी म्हटलं, खर्च आमचा आणि फोटो त्यांच्याकडं, तर?"

पप्पा म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

*

श्रावण जवळ आला आणि माझ्या आशेला पालवी फुटली, कारण आमच्या गल्लीतल्या मंदामावशी आल्या. त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा. उघडला, तर आत कुंकवात पुरलेलं मेमरी कार्ड!

"मुलाच्या लग्नाचं आहे. देव्हाऱ्यात ठेवलेलं. आता चालत नाही."

मी हळुवार हातानं ते कार्ड झटकलं, पुसलं, त्याच्या सोनेरी पट्ट्या साफ केल्या. एकीकडे तोंड चालू होतं: दमट हवा, धूळ, गंज, कोरडी हवाबंद डबी. कार्ड लावलं. चाललं! मंदामावशींच्या डोळ्यांत पाणी, माझ्याही. मी पप्पांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं आणि म्हटलं, "मावशी, याच्या दोन कॉपी काढून ठेवते. एक इथं, एक दुसरीकडं. मग कधीच हरवणार नाही."

मावशींनी झटकन कार्ड उचललं. "कॉपी?"

"हो, मोफत!"

"अगं, देव्हाऱ्यातल्या वस्तूची कॉपी? सुपारीची झेरॉक्स काढतात का कोणी?"

कार्ड करंड्यात, करंडा पिशवीत, मावशी रिक्षात!

"ही जपायला आली होती, पप्पा," मी म्हटलं.

"ती जपतच होती," पप्पा म्हणाले. "तुझ्याकडं नाही आली जपायला." आणि त्यांनी फोन लावून कव्हरच्या स्टँडची ऑर्डर दिली. रविवारी सकाळी डिलिव्हरी. रविवारीच कानबाई बसणार होती.

*

आता शेवटचा.

श्रावणात आमच्या लोकांच्या घरी कानबाई बसते. एका कुळातले सगळे भाऊबंद एका घरी जमतात, रात्र जागवतात, प्रसादाचे गव्हाचे रोट खातात. तो रोट बाहेरच्याला द्यायचा नाही, आपणच संपवायचा. त्यामुळे कितीही भांडण असो, त्या दिवशी एकत्र यावंच लागतं.

सुकलाल आणि भटू हे सख्खे भाऊ. सुकलाल मोठा, लूमवर कामाला, नवागामातच राहतो. भटू धाकटा, त्यानं कोसाडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. यंदा भटूला कानबाई नव्या घरात बसवायची होती. सुकलाल पेटला. "देवीला लिफ्टमधी कोंडशीन का?"

"मग जिन्यानं नेऊ!"

"थोरल्याचं घर असताना देवी जिने चढंल?"

झालं! बोलणं बंद. यंदा दोन घरी दोन कानबाया बसणार. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा अशी गोष्ट.

त्या आठवड्यात सुकलाल दुकानात आला. गेल्या वर्षीच्या कानबाईचं कार्ड पुढे टाकलं. "ताई, यातून भटूला काढ."

मी किती समजावलं! हा तुमच्या घराचा इतिहास आहे, पुढच्या पिढीला काय दाखवाल? तो एकच म्हणाला, "पाटीवर मोफत लिहिलंय ना?" भटू दिसेल तो प्रत्येक फोटो पुसला.

दोन दिवसांनी भटू आला. फोटोग्राफरनं दोघांना एकेक कार्ड दिलेलं. "ताई, यातून दादाला काढ. वहिनीला राहू दे, तिच्याशी भांडण नाही."

दादाही पुसला. शनिवार उजाडला आणि माझ्या टेबलावर आजवर जपायला आलेली माणसं: शून्य. मी बँकेच्या परीक्षेचं पुस्तकसुद्धा आणून ठेवलं होतं.

दुपारी एक म्हातारी आली. पदराच्या गाठीतून तिनं दोन कार्डं काढली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. सुकलाल-भटूची आई. एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे राहते.

"पोरी, तूच पुसं ना यासले?"

"हो आजी," मी म्हटलं. माझी मान खाली. "पण पुसलेले बहुतेक परत येतील. मी आणून देते. दोघं एकत्र असलेले सगळे फोटो!"

"नको. त्यामा दोन्हीसना तोंडं फुगेल शेतस. तवापासूनच कुरकुर चालू व्हती." तिनं एका कार्डावर बोट ठेवलं. "यामा मोठा एकटा शे. हासस ना?"

मी उघडून पाहिलं. सुकलाल आरतीचं ताट घेऊन हसत होता. "हो."

"आनी यामा धाकला?"

भटू रोट खाताना. तोंड भरलेलं, तरी हसतोय. "हो."

"मंग दोन्ही एकच कार्डमा टाक."

पप्पा स्टुलावरून उठले. त्यांनी काचेचं कपाट उघडलं आणि आजीला विचारलं, "घरात माणसं किती, आजी?"

"बठ्ठा," आजी म्हणाली. सगळे.

पप्पांनी कपाटातलं सगळ्यात मोठं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं आणि हळूच म्हणाले, "एक आली." मी फोटो उतरवू लागले. न राहवून म्हटलं, "आजी, पण ते दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत."

"भांडतीन ते मझार भांडतीन," म्हणजे कार्डाच्या आत, असं म्हणत आजीनं नवं कार्ड पदराच्या गाठीत बांधलं. "एक घरमा ते ऱ्हातीन!"

रविवारी सकाळी शटर वर केलं तेव्हा टेम्पो दारात उभा होता, मागे स्टँड. टेम्पोवाल्यानं विचारलं, "बेन, कहाँ रखूँ?" मी त्याला थांबायला सांगितलं. माझी पाटी उतरवली, उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करनं लिहिलं, "दोन कार्डांचं एक करून मिळेल," आणि परत टांगली.

मग त्याला म्हटलं, "भैया, स्टँड वापस ले जाओ."