आधी पाणी निवू दे

आमच्या किरणोपचार केंद्रात मी तंत्रज्ञ म्हणून रुजू झालो, त्या सकाळी डिसोझा सर रिकाम्या खाटेशी वाकून भिंतीवरून येणारी, रुग्णाची जागा ठरवणारी लेसरची लाल रेषा पाहत होते. मी नमस्कार केला. "थांबा हां, आधी रेषा जुळू दे," एवढंच म्हणाले. रेषा जुळल्यावर मात्र त्यांनी स्वतःच्या थर्मासमधला चहा मला ओतून दिला.

सर आमचे भौतिकतज्ज्ञ. यंत्र ठरवलेला डोस नेमका देतं का, हे पाहिल्याशिवाय त्यांनी रुग्णाला कधी आत घेतलं नाही. डोस कमी पडला तर आजार उरतो, जास्त झाला तर चांगला भाग भाजतो. ही तपासणी कुणाला दिसत नाही, म्हणून तिचं कौतुकही होत नाही. त्याची त्यांना कधी खंत वाटली नाही.

माझ्या आईचे उपचार आमच्याच केंद्रात चालू होते तेव्हाची गोष्ट. यंत्राची दुरुस्ती झाली होती, म्हणून सर पाण्याच्या टाकीत मापक बुडवून डोस मोजत होते. आकडा कमी येत होता. दुरुस्तीला आलेले इंजिनिअर म्हणाले, "यंत्राचा डोस थोडा वाढवून घेऊ या, सर. बाहेर माणसं खोळंबलीत."

सरांनी टाकीत हात घातला. पाणी कोमट होतं. खोली एसीची, गार. आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेलं पाणी गेलं कुठे?

सफाईच्या मावशी पुढे आल्या. "शिळ्या पाण्यान कोण देवाक न्हाणयता? म्हणान भायल्या टाकयेतला ताजा भरलंय."

सर हसले. "मावशे, ह्या देवाक शिळाच लागता." आणि पाणी खोलीइतकं निवेपर्यंत सगळं थांबवलं.

बाहेर आई चिडली होती. शिरोड्याला त्याच दिवशी देवीची पालखी होती. "झिला, तुजो सायब घाय कित्या करणा नाय?"

सर स्वतः तिच्या शेजारी येऊन बसले. "आये, डोस चुकलो तर मी तुमका काय तोंड दाखवू?"

"आणि पालखी चुकली तर देवीक काय सांगू? तुमची तिची वळख आसा काय?"

"तुमी करून दिल्यात तर होतली."

पाणी निवलं. पुन्हा मोजल्यावर आकडा बरोबर आला. यंत्र नीटच होतं; कोमट पाण्यात मापकच कमी दाखवत होतं. यंत्राचा डोस वाढवला असता, तर आईसकट सगळ्यांना जास्त डोस गेला असता.

आईचे त्या दिवसाचे उपचार आटोपल्यावर सरांनी स्वतःच्या गाडीतून आम्हाला शिरोड्याला नेलं. पालखी देवळात परतत होती. आईला दर्शन मिळालं. सर चपला काढून, हात जोडून माझ्याशेजारी उभे होते. माझी प्रार्थना त्या दिवशी दोघांसाठी होती.

आई आज बरी आहे. सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं, हे माझं देवाकडे मागणं. हा लेख लिहिताना आईला विचारलं, तुझ्याकडून काय लिहू? ती म्हणाली, "शंभर वर्सां जगा म्हणान लिही. आणि सांग, आतासुद्धा घाय करू नकात."