परबचा एक शो

सन २०२४, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, थंडी नुकती पडू लागलेली. त्या दिवशी गिरगावातलं आमचं थेटर बंद झालं. नोकरीत असताना किस्से घडायचे आणि विसरायचे. लगेच पुढचा शो लागायचा. आता शो नाहीत, म्हणून एकेक किस्सा येऊन बसतो तो उठत नाही. घरी ऐकायला कोणी नाही. तुम्ही बसा.

मी राणे. डोअरकीपर. टॉर्च घेऊन लोकांना खुर्ची दाखवायची, हे काम. शाळा चौथीपर्यंत. टॉर्चला तेवढी पुरते!

* * *

मॅनेजरने एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. समोर चहा, बिस्किटं. इतक्या वर्षांत या माणसाने आम्हाला पाणी विचारलं नव्हतं. तेव्हाच समजलो.

कागदावर टाइप केलेलं होतं : मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे.

"राणे, सही करा. चेक तयार आहे."

"साहेब, खुशी कोणाची?"

"अहो, ती भाषा असते तशी."

"मला वाचता येतं. सावकाश येतं, पण येतं."

सही केली नाही. माझ्यामागून बुकिंगच्या कुंदाताई आत गेल्या. त्यांचा आवाज बाहेरपर्यंत आला. "मला गुरुवारचा उपास आहे. बिस्किटंही नकोत आणि सहीही नको!"

ऑपरेटर परबने सही दिली. मुलीचं लग्न ठरलं होतं, त्याला चेक हातात हवा होता. बाहेर आला तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, "काय परब, खुशीने चाललास?"

त्याने डबा उचलला आणि गेला. त्यानंतर आमचं बोलणं बंद.

* * *

आमच्यात एक रीत होती. कोणाला निघावं लागलं तर दुसरा त्याचा शो काढायचा. मग त्याचा एक शो आपल्यावर. पैसे नाहीत, आभार नाहीत. शोला शो.

माझी बायको परळला हॉस्पिटलात होती. भावाचा फोन आला, लवकर ये. परबने वर कॉम्प्युटरवर पिक्चर चालू केलं, खाली आला आणि माझ्या हातातली टॉर्च काढून घेतली.

"जा," म्हणाला.

मी वेळेवर पोचलो. तिने मला ओळखलं.

तो शो फेडायच्या आधीच थेटर बंद झालं.

* * *

आम्ही लालबागला चाळीत राहतो. आम्ही म्हणजे आता मी. सवयीने अजून 'आम्ही' येतं.

एका संध्याकाळी लाइट गेली. जिन्यात काळोख, माणसं कामावरून परतत होती. मी टॉर्च घेऊन कधी उभा राहिलो ते माझं मलाच कळलं नाही. "पाय बघून! उजवीकडे! लेडीज पुढे!"

शेजारची सून वर जाता जाता म्हणाली, "काका, इंटरवल कधी?"

सगळा जिना हसला. मग लाइट आली. दारं लागली. मी टॉर्च विझवली.

* * *

पुतण्या मला मॉलमधल्या थेटरात घेऊन गेला. "काका, जरा बाहेर पडा!" खुर्ची अशी की माणसाला झोप यावी. पिक्चर सुरू झाल्यावर एक जोडपं आलं, अंधारात चाचपडत. मी उठलो आणि मोबाइलचा उजेड पायरीवर धरला.

युनिफॉर्मातला पोरगा धावत आला. "अंकल, प्लीज बैठ जाओ."

बसलो. त्याने त्या दोघांना चुकीच्या रांगेत नेऊन बसवलं! मी बोललो नाही.

इंटरवलला बोललो.

* * *

कुंदाताईंनी मला कामगार खात्याच्या ऑफिसात नेलं. तिथे नुसती झुंबड. मला बघवेना. "एकामागे एक! कागद हातात काढून ठेवा!" लोक ऐकायला लागले. दोघांनी तर आपले कागद माझ्याच हातात दिले.

आतून अधिकारी मॅडमनी विचारलं, "तुम्ही स्टाफपैकी का?"

"नाही. कामावरून कमी केलेल्यांपैकी."

मॅडमनी नीट समजावलं. आम्ही सही दिली नाही ते बरं केलं. थेटर बंद केलं तर नोटिशीचा पगार आणि नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, ही भरपाई मागता येते. ग्रॅच्युइटी त्याहून वेगळी.

"आणि ज्याने राजीनाम्यावर सही दिली, त्याचं काय?"

"त्याला भरपाई मिळणं कठीण. पण पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते. मालकाने ती दिली का?"

"नाही," कुंदाताई म्हणाल्या.

"मग त्यांना पाठवा. अर्जाची मुदत उलटलीय, उशीर का झाला ते त्यांनी स्वतः येऊन सांगावं. लवकर या म्हणावं."

बाहेर आल्यावर कुंदाताई म्हणाल्या, "परब करी रोडला एका टॉवरवर वॉचमन आहे. मी फोन केला होता. म्हणतो, सुट्टी नाही. एक दिवस गेट सोडलं की एजन्सी काढून टाकते. मुलीच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर आहे, ही नोकरी गेली तर खाणार काय?"

"मग मी काय करू?"

"राणे, थेटर बंद झालं, तोंड कशाला बंद केलंत?"

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी करी रोडला गेलो. गेटवर परब. युनिफॉर्मचा निळा शर्ट अंगावर लोंबत होता. निम्मा झाला होता.

"तू हय खय?" आपल्या मालवणीत म्हणाला.

"शर्ट काढ. टोपी दे."

"कित्याक?"

"कामगार ऑफिसात जा. सही दिलीस तरी ग्रॅच्युइटी मिळते. मॅडमना माझं नाव सांग."

"आणि गेट? सुपरवायझर इलो तर?"

"तुझा एक शो आहे माझ्यावर."

त्याने मग केबिनमध्ये जाऊन शर्ट काढला.

मी उभा राहिलो. गाड्या आल्या, गेल्या. एक बाई सामान घेऊन आल्या, त्यांना मी सवयीने म्हणालो, "सरळ जाऊन डावीकडे." त्या म्हणाल्या, "मी इथेच राहते!"

मग सुपरवायझर आला, मोटरसायकलवर. माझ्याकडे नीट बघितलं.

"परब किधर है?"

मी छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. त्यावर लिहिलेलं होतं : परब.

"वो तो पतला था."

"खाना खाया," मी म्हणालो.

त्याने हजेरीच्या वहीत टिक मारली आणि गेला.

ऊन उतरता उतरता परब आला. हातात अर्जाची कॉपी, तिच्यावर ऑफिसचा शिक्का. मी शर्ट काढून दिला. त्याने बटणं लावली, टोपी सरळ केली आणि गेटवर उभा राहिला.

"शो फिटलो," म्हणाला.