मावशीने तपासलेला ड्रमसेट

आमची मावशी वजनमापे खात्यात निरीक्षक होती. एकतीस वर्षं तिने दुकानांतले काटे तपासले, पारड्याखाली चिकटवलेले लोहचुंबक नखाने खरवडून काढले आणि पोकळ वजनं जप्त केली. माणूस निवृत्त होतो, त्याचा संशय होत नाही. निरोपाच्या वेळी सहकाऱ्यांनी तिला मखमली डबीत घालून पन्नास ग्रॅमचं पितळी वजन भेट दिलं, तर भाषणं चालू असतानाच तिने ते तोलून पाहिलं. बरोबर भरलं, तेव्हा कुठे हसली.

घरातही तोच कारभार. दूधवाल्याचं माप, गॅसचं सिलिंडर, मी लग्नाला नकार देताना सांगितलेली कारणं, सगळीकडे तिच्या मनात पाल चुकचुकायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, अगदी उलटे. तीस वर्षं एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले आणि मानधन न मोजता खिशात टाकलं. या दोघांचं कसं जमलं हे मला अजून कळलेलं नाही.

चार महिन्यांपूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं. डावा हात मात्र मागे राहिला. काका तो उशीखाली सारून बसायचे, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. व्यायाम करून घ्यायला यायचा तो फिजिओ म्हणाला, "वाजवणाऱ्याचा हात वाजवूनच परत येईल. पण लवकर सुरू करा. उशीर झाला तर हात असाच राहील." काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी मावशी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. नळ कशासाठी सोडला होता ते मला बाहेर बसूनही कळलं.

जुना ड्रमसेट ऑर्केस्ट्राबरोबरच गेला होता. असता तरी खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी आम्हाला कोर्टात खेचलं असतं. म्हणून ठरलं, इलेक्ट्रॉनिक सेट घ्यायचा. कानाला हेडफोन लावले की शेजाऱ्यांना नुसती टकटक. आणि तो पेन्शनीत बसणारा हवा.

वाद्यांच्या दुकानात केसांची पोनीटेल बांधलेला एक विक्रेता होता. मावशीने त्याला पायापासून पोनीटेलपर्यंत निरखलं आणि माझ्या कानात म्हणाली, "हा गोड बोलतोय. लक्ष ठेव." बिचारा तोवर फक्त "या" म्हणाला होता.

आमच्या आवाक्यातले सेट दोनच होते. एक रबरी पॅडचा, स्वस्त. दुसरा जाळीच्या पॅडचा, थोडा महाग. मावशीने पर्समधून मखमली डबी काढली, मग फूटपट्टी. पॅडवर फूटपट्टी उभी धरली आणि वरून वजन सोडलं. धप्प. उचललं, पुन्हा सोडलं. मला कागद देऊन सांगितलं, "आवाज कसा येतो ते लिही. सारखा, कमी की जास्त."

"अहो मॅडम, हे काठ्यांनी वाजवतात!" पोनीटेल धावत आला.

"काठीमागे हात असतो, हातामागे माणूस. वजनाला कुणाची भीड नसते."

प्रत्येक सेटवर वीस वेळा वजन पडलं. जाळीच्या पॅडवर ते कधी मधोमध पडायचं, कधी कडेला, आणि आवाज कमीजास्त व्हायचा. रबरी पॅडवर कुठेही पडो, वीसच्या वीस वेळा सारखा. मावशीचे डोळे चमकले. एकतीस वर्षं ती असाच काटा शोधत होती.

"मॅडम, मी खरं सांगू का?" पोनीटेल म्हणाला. "हा घेऊ नका. याला हलकं-जोराचं कळतच नाही. सगळं एकसारखं वाजवतो. तुम्ही जाळीचा घ्या."

झालं. मावशीचा नियम आहे, दुकानदार ज्या मालाला नावं ठेवतो तोच खरा. "महागाचा गळ्यात मारतोय," ती मला म्हणाली, तेही त्याला ऐकू जाईल असं. मी मान डोलावली. मला तरी कुठे काय कळत होतं!

रबरी सेट घरी आला तेव्हा मी ऑफिसात होते. सगळ्यांना ऐकता यावं म्हणून बारीक आवाजात छोटा स्पीकर जोडला. काकांनी सेट पलंगाशी ओढायला लावला. मग उशीखालून डावा हात निघाला. काठी बोटांत नीट बसेना, ती मावशीने बसवली. उजवा, डावा, उजवा, डावा. चारही ठोके सारखे, खणखणीत. काकांनी मावशीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाजवतच राहिले.

मावशीने मला लगेच फोन केला. "डावा उजव्याच्या तोडीस तोड वाजतोय! मी स्वतः ऐकलं!"  तिच्या तोंडून कशाचंही एवढं कौतुक मी आजवर ऐकलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी फिजिओने पकड मोजायचं यंत्र काकांच्या डाव्या हातात दिलं. काटा आधीच्या मोजणीत जिथे होता तिथेच.

"तुमच्या यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली?" मावशीने विचारलं.

"काकू, यंत्र ठीक आहे."

"प्रमाणपत्र दाखवा."

त्याच्याकडे ते नव्हतं. मावशीने त्याला दारापर्यंत पोचवलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. खोट्या मापाच्या माणसाला ती घरात कशी येऊ देईल? मीही तिथेच होते आणि मला तिचंच म्हणणं पटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

आत आलो तर काका उठून सेटजवळ उभे होते. "इकडे ये," ते मावशीला म्हणाले. "एक बोट पॅडला नुसतं टेकव."

तिने बोट टेकवलं. ठण्ण.

"आता मूठ मार."

मूठ बसली. ठण्ण. तोच आवाज, ना कमी ना जास्त.

मावशीने पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा मूठ मारली.  पारड्याखालचे चुंबक शोधणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने खोटा काटा घरात आणून ठेवला होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच ठोक्याला. डावा नुसता टेकत होता. ड्रम वाजवलेत मी तीस वर्षं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा चेहरा पाहिला. एवढ्या वर्षांत तू पहिल्यांदा एखाद्या गोष्टीवर पुरता विश्वास ठेवलास. मोडवेना माझ्याच्यानं." काका खुर्चीत बसले. "पण आता तू फिजिओला घालवलंस. मला हात हवाय गं."

झटक्यानंतर त्यांनी प्रथमच काही मागितलं होतं. मावशीने तिथल्या तिथे फिजिओला फोन लावून माफी मागितली. मी तिला माफी मागताना ऐकलं ते तेवढंच, असं म्हणणार होते, पण तासाभराने दुकानात तिने दुसरी मागितली.

"तुम्ही खरं बोलत होतात," ती पोनीटेलला म्हणाली. भांडणाच्या तयारीत उभा असलेला तो बिचारा गोंधळून नुसता "हो" म्हणाला. रबरी सेटच्या बदल्यात, वरचे पैसे घेऊन, त्याने जाळीचा सेट दिला. मावशीने या वेळी डबी उघडलीच नाही.

घरी स्पीकर जोडायला घेतला तर काका नको म्हणाले. डाव्या हाताचं वाजणं एवढ्यात कुणी ऐकू नये असं त्यांना वाटत असावं. मावशीने हेडफोन उचलले आणि स्वतःच्या कानाला लावले. मग काकांच्या समोर स्टूल ओढून बसली.

काकांनी उजवा मारला. तिने मान डोलावली. मग डावा वर उचलला, तो थरथरला आणि काठी जाळीवर पडली.

"आला का?"

मावशीने डोळे मिटून घेतले होते. "आला."

"कसा?"

त्या क्षणी खोटं बोलली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

"फार हलका," ती म्हणाली. "पण आला. मी ऐकलाय."

काकांनी डोळे पुसले, ते डाव्या हाताने. मग काठी पुन्हा बोटांत बसवायला हात तिच्यापुढे केला.